मुलांना हाताशी घेऊन करायचा खाऊ: तुम्ही काय काय करता?

निळी_छत्री

लेक साडेचार वर्षांची, भाचा सात वर्षांचा. मे महिनाभर दोघं माझ्याकडे असणार आहेत. दुपारच्या झोपेला दोघांचाही साफ नकार असतो आणि चार वाजले की "काहीतरी खायला दे"चा जप सुरू होतो. बिस्किटं आणि वेफर्सची पाकिटं घरात आणायची नाहीत, एवढं नवरा-बायकोत एकमताने ठरलंय (आमच्यात एकमताने ठरलेली ही दुर्मीळ गोष्ट).

नेटवर शोधलं तर सगळीकडे तेच: सफरचंदाचा ससा, काकडीचा बेडूक, ऑलिव्हचे डोळे. दिसतं गोड, पण ते सगळं आईच करते, मूल नुसतं फोटोपुरतं. मला असं काहीतरी हवंय ज्यात पोरांना खरंच काम असेल आणि नंतर ते खाताही येईल. अटी अशा: पोरांचा गॅसशी संबंध नको, घरात ओव्हन नाही, मैदा नको आणि सामान कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिळायला हवं.

गोड, तिखट, आंबट काहीही चालेल. पाककृती प्रमाणासकट दिलीत तर दुवा देईन.

---

रवी_आणि_ताक

दाण्याचे लाडू! माझ्या दोन्ही नातवंडांची सुरुवात तिथूनच झाली.

दाणे आपण मंद आचेवर खमंग भाजायचे आणि पूर्ण गार होऊ द्यायचे. मग परात पोरांच्या पुढ्यात. तळहातांनी चोळायचं, सालं सुटतात, मग परात घेऊन गॅलरीत जायचं आणि फुंकर मारायची. सालं उडतात, दाणे राहतात. हे काम मुलं अर्धा तास न कंटाळता करतात. पाखडायला शिकवायचं असेल तर लहान सूप द्या, पण थोडे दाणे जमिनीवर जाणार हे गृहीत धरा.

पुढे दाणे मिक्सरमधून आपण काढायचे, थांबून थांबून, तेल सुटू लागेपर्यंत. त्यात चिरलेला साधा गूळ (चिक्कीचा नव्हे, त्याने लाडू चिवट होतात) घालून आणखी एकदा फिरवायचं. वेलदोडे खलबत्त्यात कुटायचं काम मोठ्याला द्या. लाडू वळायला दोघंही. पाक नाही, चटका नाही.

आणि सकाळी वेळ असेल तर विरजलेली साय रवीने घुसळायला बसवा. लोणी वर येतं तेव्हा पोरांची तोंडं बघण्यासारखी असतात. ताक पण पितात मग, नाहीतर "आंबट आहे" म्हणून नाक मुरडतात.

---

वऱ्हाडी_ठेचा

काकू, तुमचं सगळं मान्य. पण साडेचार वर्षांचं लेकरू हाताशी घेऊन खाऊ करणं म्हणजे दहा मिनिटांच्या कामाचा तास करणं, वर तासभर झाडू. आमच्याकडे एकदा मुरमुऱ्याचा चिवडा 'सोबत' केला, दिवाळीपर्यंत सोफ्याखाली मुरमुरे सापडत होते.

सुटीच्या दिवशी ठीक आहे. रोज ऑफिसातून आल्यावर कोण करणार हे?

---

घाटमाथा

ठेचाभाऊ, रोज करायला सांगितलंय कुणी? आमच्याकडे शनिवारची दुपार हे माझं खातं आहे, बायकोला तेव्हा स्वयंपाकघरात प्रवेशबंदी.

आमचा हिट आयटम थालीपीठ. भाजणी घरात असतेच. भाजणीत कांदा, कोथिंबीर, किसलेली काकडी किंवा दुधी, मीठ, तिखट, हळद, ओवा. कोथिंबीर निवडून हाताने तोडायची हे मुलीचं काम. पीठ भिजवायचं पण तिनेच, पाणी मी हळूहळू ओततो. काकडीला पाणी सुटतं, त्यामुळे आधी कमीच घालायचं.

ओला रुमाल पोळपाटावर पसरायचा, त्यावर गोळा ठेवून बोटांनी थापायचा. बोटं पाण्यात बुडवायची, थापायचं, परत बुडवायची. शेवटी भोकं. पाच भोकं पाडतात सगळे, आमच्याकडे नाक-डोळे-तोंड असा हिशेब होतो आणि कधीकधी कानसुद्धा. ही भोकं नुसती शोभेची नसतात हे तिला तव्याशी लांब उभं करून दाखवलं: भोकात तेल सोडलं की तिथून कडा कुरकुरीत होतात. आता पाहुणे आले की त्यांनाही ती हेच समजावून सांगते.

तव्यावर टाकणं, उलटणं सगळं माझं. रुमाल तव्यावर उलटा करून अलगद सोडवायचा, त्याला सराव लागतो.

दुधी ती एरवी बघतही नाही. यात किसून जातो, किसून घातलाय हे तिला माहीत असतं, तरी खाते. लपवून घालायची गरज पडली नाही.

---

बालवाडीवाली

मी बालवाडीत शिकवते, तीन ते सहा वर्षांची मुलं. आमच्याकडे आठवड्यातून एकदा 'खाऊचा वार' असतो, त्यामुळे या विषयावर मी जरा जास्तच बोलेन, सहन करा.

घरी मुलांना 'मदत कर' म्हणतो आणि मग सगळं आपणच ओढून घेतो, कारण ती सांडतात. त्याऐवजी एका मुलाला एकच काम द्या आणि ते अथपासून इतिपर्यंत त्याचंच ठेवा. लिंबू पिळणारा लिंबूच पिळेल. बिया काढायच्या त्यानेच, कमी पडलं तर दुसरी फोड पिळायची त्यानेच. दोन मुलं असतील तर दोन वेगळी कामं, वेगळी भांडी. निळी_छत्री, साडेचार आणि सात हे अंतर भांडणाचं आहे. मोठ्याला बोथट सुरीने केळं किंवा उकडलेला बटाटा कापू द्या, धाकटीला हाताने तोडायचं काम द्या. एकाच परातीत दोघांचे हात घालू नका.

वयाप्रमाणे साधारण असं: अडीच-तीन वर्षांचं मूल मटार सोलतं, मेथीची पानं खुडतं, भांड्यातलं कालवतं. चार-पाच वर्षांचं थापतं, वळतं, वाटीने मोजून ओततं, उकडलेलं अंडं सोलतं. सहा-सातला बोथट सुरी, सोलाणं, लहान लाटणं. किसणी आम्ही बालवाडीत देतच नाही, बोटांची सालं निघतात.

मे महिन्यासाठी माझं मत गोपाळकाल्याला. अष्टमीची वाट बघायची काही गरज नाही. जाडे पोहे धुऊन निथळायचे, त्यात ज्वारीच्या लाह्या, गोड दही, बारीक चिरलेली काकडी, ओलं खोबरं, डाळिंबाचे दाणे, मीठ, किंचित साखर, लिंबाच्या लोणच्याचा खार. वरून तुपात जिरं-हिंगाची फोडणी, ती मोठ्यांनी गार करून द्यायची. हरभऱ्याची डाळ भिजवून घालतात ती लहानांसाठी भरड वाटून घाला. लाह्या आधी चाळून न फुटलेले दाणे मुलांकडून वेचून घ्या, हा स्वतंत्र खेळ होतो.

डाळिंब सोलायचं काम वाटीभर पाण्यात करायला द्या. दाणे तळाशी बसतात, पांढरी सालं वर तरंगतात आणि कपड्यांवर डाग पडत नाहीत. (डाग पडतातच, पण कमी.)

एक गोष्ट मात्र ठाम सांगते. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाताशी अख्खे शेंगदाणे, अख्खी द्राक्षं, पॉपकॉर्न, चण्याफुटाण्याची वाटी ठेवून आपण ओट्याकडे पाठ करायची नाही. घशात अडकतं. द्राक्षं उभी चिरून चार फोडी करायच्या, दाण्यांचं कूटच द्यायचं. खाताना बसून खायचं, पळत नाही, हसत-ओरडत नाही. काकूंच्या दाणे चोळण्याच्या कामाला माझा पूर्ण पाठिंबा, पण साडेचार वर्षांच्या लेकीशेजारी कुणीतरी बसलेलं हवं, कारण चोळता चोळता दाणे तोंडात जातातच. धाग्यावर कुणाचं वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला मध चाटवू नका, जुन्या बायकांनी कितीही आग्रह केला तरी.

---

रवी_आणि_ताक

जुनी बाई हजर आहे हो. :) मधाचं माहीत आहे, आमच्या डॉक्टरांनी नातीच्या वेळी सांगितलं होतं. दाण्यांचंही पटलं.

---

साखरेवर_नजर

रंगाचा बेरंग करायला आलोय.

धाग्यात 'गूळ आहे म्हणजे पौष्टिक' असा सूर लागायच्या आत सांगतो: गुळात ८० टक्क्यांहून जास्त साखरच असते. लोह वगैरे असतं, पण आपण खातो तेवढ्या गुळातून मिळणारं लोह नगण्य. जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची शिफारस अशी की वरून घातलेली साखर (यात गूळ, मध, फळांचा रससुद्धा आला) दिवसाच्या एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत हवी, ५ टक्क्यांच्या आत असेल तर आणखी बरं. चार ते सहा वर्षांच्या मुलाच्या दिवसाला साधारण १३५० कॅलरी धरा. १० टक्के म्हणजे ३४ ग्रॅम, ५ टक्के म्हणजे १७ ग्रॅम. त्यात सकाळच्या दुधातली साखर, मुरंबा, शेजारच्या वाढदिवसाचा केक हे सगळं बसवायचंय.

दाण्याचे लाडू लोक समसमान प्रमाणात करतात. पाव किलो दाण्यांना पाव किलो गूळ घेऊन २० लाडू केले तर एका लाडवात साडेबारा ग्रॅम गूळ. दोन खाल्ले की ५ टक्क्यांचा कोटा संपला. तेवढ्याच दाण्यांना १०० ग्रॅम गूळ पुरतो, एका लाडवात ५ ग्रॅम बसतो. दाण्यांना तेल सुटेपर्यंत फिरवलं तर लाडू वळले जातात, फक्त जरा लहान होतात आणि दाबून वळावे लागतात.

सीबीएसईने २०२५ मध्ये शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितलं, कुठल्या पेयात किती साखर आहे ते मुलांना दिसावं म्हणून. घरी हाच तक्ता करायचा तर गूळ वजनकाट्यावर मुलांनाच मोजू द्या. सात वर्षांच्या भाच्याला हे काम आवडेल.

---

वऱ्हाडी_ठेचा

नजरसाहेब, तुम्ही लग्नात जिलेबीच्या काउंटरवर वजनकाटा घेऊन जाता का हो?

---

साखरेवर_नजर

जातो. जिलेबी दोनच खातो, पण मठ्ठा मनसोक्त.

---

रवी_आणि_ताक

१०० ग्रॅम गुळाने वळतात, मी हरभऱ्याएवढं तूप हाताला लावून वळते. समसमान गूळ आमच्या आईच्या काळात होता, तेव्हा पोरं दिवसभर उन्हातान्हात हुंदडायची.

---

सातासमुद्रापार

धागा वाचनखुणेत टाकलाय. आम्ही न्यू जर्सीत. मुलीच्या शाळेत शेंगदाणे आणि इतर कवचाचे दाणे वर्गात आणायला सक्त मनाई आहे, वर्गात एका मुलाला दाण्यांची तीव्र ॲलर्जी आहे. त्यामुळे दाण्याचे लाडू फक्त घरात, डब्यात नाही. आणि खाऊन झाल्यावर हात साबणाने धुऊनच बाहेर.

संक्रांतीला वर्गात तिळगूळ न्यायचा बेत होता, तोही बारगळला. इथे १ जानेवारी २०२३ पासून तीळही प्रमुख ॲलर्जींच्या यादीत आहेत, पाकिटावर तसं लिहावं लागतं. बाईंनी विनम्रपणे नको म्हटलं.

मग आम्ही पंढरपुरी डाळ्याचे लाडू केले. डाळं मिक्सरमध्ये बारीक करून चाळायचं (चाळणी लेकीच्या ताब्यात, सगळीकडे पिवळा धुरळा), त्यात किसलेला गूळ, पातळ केलेलं कोमट तूप, वेलची. भाजायची कटकट नाही कारण डाळं भाजलेलंच असतं. शाळेला घटकांची यादी आधी लिहून दिली, परवानगी मिळाली. तिच्या मैत्रिणींना ते 'कुकी डो' वाटलं, वाटू दे.

जाता जाता, इथे आणखी एक शिकले. कच्चं पीठ चाखायचं नाही असं आरोग्य खातं वारंवार सांगतं, कच्च्या पिठात जंतू असू शकतात. डाळं आधीच भाजलेलं, त्यामुळे ती भीती कमी. पण कणीक मळताना चिमणीएवढे गोळे तोंडात टाकायची सवय आमच्याकडे आहे, ती मोडतेय.

---

घाटमाथा

कच्ची कणीक आपण सगळ्यांनीच खाल्लीय हो.

---

बालवाडीवाली

खाल्लीय, पण मोडायला हरकत नाही. आम्ही वर्गात 'हे अजून झोपलंय, वाफ घेऊन उठलं की खायचं' असं सांगतो. ऐकतात.

---

निळी_छत्री

बापरे, केवढं मिळालं! थालीपीठ आणि काला नक्की. डाळ्याचे लाडू पण.

लेकीला चिखलमाती (म्हणजे विकतची रंगीत क्ले) प्रचंड आवडते, तासन्‌तास बसते. तसं मळून आकार द्यायचं आणि मग खायचं असं काही आहे का? चकल्या-शंकरपाळी नको, तळायचं नाहीये.

---

रवी_आणि_ताक

अगं, दिव्यांच्या अवसेचे दिवे!

आषाढी अमावास्येला करतात, पण मेमध्ये केले म्हणून कोणी दंड करत नाही. एक वाटी कणीक, अर्धी वाटी चिरलेला गूळ (नजरसाहेब, अर्धीच), पाव वाटीहून थोडं जास्त पाणी. गूळ पाण्यात विरघळवून गाळून घ्यायचा, त्यात खडे-कचरा असतो. कणकेत दोन चमचे रवा, चिमूटभर मीठ, वेलचीपूड, दोन चमचे तूप चोळायचं आणि गुळाच्या पाण्याने घट्ट मळायचं. पाणी सगळं एकदम ओतू नकोस, पीठ सैल झालं की दिवा बसतो. अर्धा तास झाकून ठेव.

मग पोरांच्या हातात लिंबाएवढे गोळे. अंगठा मध्ये दाबायचा, गोळा फिरवत फिरवत कडा वर आणायच्या, एका बाजूला चिमटीने वातीची चोच काढायची. तळ सपाट हवा म्हणजे उभा राहतो. भिंत पातळ झाली तर वाफेत फाटते, जाड राहिली तर आत कच्चट राहतो, हे दोन-तीन दिवे केल्यावर मुलांना आपोआप कळतं. माझी नात दिव्यांच्या जोडीला साप, कासव आणि एकदा रिक्षा करून गेली. रिक्षाची चाकं वाफेत चिकटून बसली, पण खाल्ली.

चाळणीला तूप लावून मोदकपात्रात पंधरा मिनिटं वाफवायचे. वाफेशी आपण. गरम असतानाच खळग्यात तूप सोडायचं आणि खायचं. गार झाले की घट्ट होतात, तेव्हा दुधात कुस्करायचे.

---

घाटमाथा

आमच्या आजोळी बाजरीच्या पिठाचे करतात. बाजरीचे वळायला कठीण, चिरा पडतात, त्यामुळे मुलांसाठी कणकेचेच बरे. किंवा निम्मं निम्मं.

तिखट हवं असेल तर मेथीचे मुटके: बाजरी किंवा ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, खुडलेली मेथी, तीळ, तिखट-मीठ, दही. मुठीत दाबून सोडायचं, बोटांचे ठसे उमटतात आणि ज्याचा मुटका त्याला ठशावरून ओळखू येतो. वाफवून दह्याशी खायचे. ठशांवरून भांडणं मिटतात, ठेचाभाऊ!

---

दुपारचा_चहा

वाचनमात्र होते, पण नाचणीचं नाव कुणी घेतलं नाही म्हणून आयडी जागा केला.

१०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, दुधाच्या जवळपास तिप्पट. अंगाला सगळं लागत नाही हेही खरं, पण नाचणीला मोड आणले तर जास्त लागतं. मोडाची वाळवलेली नाचणी दळून आणा आणि मुलांकडून आंबील करून घ्या: पीठ ताकात कालवून गुठळ्या मोडायचं काम त्यांचं, शिजवायचं आपलं. गार झाल्यावर वर ताक, जिरेपूड, मीठ, कोथिंबीर त्यांनीच घालायचं. मे महिन्यात दुपारी चार वाजता याच्यासारखं सुख नाही. रंग मात्र चॉकलेटी-करडा येतो, त्याला आमच्याकडे 'हत्तीचं सूप' म्हणतात. त्या नावावर दोन वाट्या जातात.

---

वऱ्हाडी_ठेचा

हत्तीचं सूप! चला, हे मी करून बघतो, यात सोफ्याखाली जाण्यासारखं काही नाही.

आमच्या बाजूने एक भर घालतो. मुगाला मोड आणणं हा पोरांचा हक्काचा प्रयोग. सकाळी मूग भिजवायचे, संध्याकाळी निथळून फडक्यात बांधायचे, गाठ पोरांनी मारायची. मेमध्ये आमच्याकडे इतकं ऊन की दुसऱ्या दिवशी सकाळी मोड फडक्यातून बाहेर डोकावतात. लेकरू उठल्या उठल्या आधी फडकं सोडायला धावतं, दात घासणं राहतं बाजूला. मग कांदा, टमाटर, सांबार (म्हणजे कोथिंबीर), उकडलेले फल्लीदाणे (शेंगदाणे) कुस्करून, वर लिंबू.

---

बालवाडीवाली

मस्त. फक्त लहानांना मोड कच्चे देऊ नका, पाच-सात मिनिटं वाफवून द्या. मोड ज्या दमट उबेत येतात तीच जंतूंनाही आवडते, उन्हाळ्यात जास्तच. आंबूस वास आला किंवा बुळबुळीत लागले तर सरळ फेकायचे. लिंबू मात्र सोडू नका, त्यामुळे मुगातलं लोह अंगी लागायला मदत होते.

---

निळी_छत्री

सगळ्यांचे आभार. एक शेवटची अडचण: ओटा उंच आहे, स्टुलावर चढवायची भीती वाटते. जमिनीवर जुनी वर्तमानपत्रं पसरून बसवू का?

---

साखरेवर_नजर

वर्तमानपत्र नको. छपाईची शाई खाण्याला लागते, एफएसएसएआयने (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नका म्हणून सूचना काढल्या आहेत. जुनी सुती चादर घाला, वर परात.

---

रवी_आणि_ताक

आणि परातीखाली ओलं फडकं, म्हणजे सरकत नाही. चादर नंतर गॅलरीत झटकून टाक, चिमण्यांचीही सोय होते. लहान लाटणं जत्रेतलं रंगीत घेऊ नकोस, रंग सुटतो. साधं बिनरंगाचं लाकडी बघ, भांड्यांच्या दुकानात मिळतं.

---

सातासमुद्रापार

काकू, दिव्यांना मोदकपात्र नसेल तर इडलीपात्र चालेल का? आणि ते शिट्टीशिवाय ना?

---

रवी_आणि_ताक

चालेल. शिट्टी काढूनच. दिवे इडलीच्या खळग्यात बसवलेस तर तळ गोल होतो आणि ते कलंडतात, म्हणून इडलीचं ताट काढून त्या जागी भोकाची सपाट ताटली ठेव. पाणी दोन बोटं, उकळी आल्यावरच दिवे आत.